तुमचा प्रश्न : ‘मेक्सिकोतलं औषध आमच्या ह्यांना चालेल का?’

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं हवालदार म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. काश्मीरला असताना गाडीजवळ स्फोट झाला होता. अंगावर मोठी जखम नाही, पण थोडा वेळ शुद्ध नव्हती म्हणतात. तेव्हापासून डोकं दुखतं, उजेड सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली की ताट ढकलून उठतात. रात्री झोपेत ओरडतात. ‘काय करूलात हो’ म्हणून हात लावला तर माझाच हात पिरगळतात आणि जाग आली की रडतात. आधी संध्याकाळी दोन पेग असायचे, त्याची अर्धी बाटली कधी झाली कळलं नाही. पुण्याच्या भाच्यानं एक व्हिडिओ पाठवलाय. अमेरिकेतले कमांडो मेक्सिकोला जाऊन झाडाच्या मुळीचं औषध घेतात, एका रात्रीत डोकं आणि मन दोन्ही बरं होतं म्हणे. भाचा म्हणतो, थोडं शेत गहाण ठेवू, पण मामांना नेऊ. हे खरं आहे काय? ह्यांना चालेल काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : वहिनी, शेत गहाण ठेवू नका. बाकीचं सगळं सविस्तर लिहिते, पण हे आधी, कारण तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झालेत आणि हा अंक हातात पडेपर्यंत आणखी दिवस जातील.

भाच्यावर रागावू नका. त्यानं पाठवलेली गोष्ट थाप नाही. त्या औषधाचं नाव इबोगेन. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गॅबॉन नावाचा देश आहे. तिथले ब्विटी पंथाचे लोक इबोगा नावाच्या झुडपाच्या मुळाची साल दीक्षेच्या विधीत खातात. त्या सालीतला मुख्य अंश म्हणजे इबोगेन. ते घेतलं की माणूस कित्येक तास पडून राहतो, डोळे मिटले की आयुष्यातले प्रसंग समोरून सरकत जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा अभ्यास 2024च्या जानेवारीत ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात छापला. अमेरिकी सैन्याच्या विशेष दलांतले 30 निवृत्त जवान, सगळे डोक्याला मार बसलेले, बहुतेक स्फोटांमुळे. ते मेक्सिकोतल्या एका दवाखान्यात जाऊन इबोगेन घेऊन आले. संशोधकांनी त्यांना आधी तपासलं आणि नंतर तपासलं. महिन्यानंतर पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात रुतून बसणाऱ्या त्रासाची, लक्षणं सरासरी 88 टक्क्यांनी कमी झाली होती. उदासी आणि चिंताही त्याच मानानं उतरली होती. रोजची कामं करण्याची क्षमता वाढली होती. तीस वर्षं मी हेच आजार बघते आहे. एवढा मोठा फरक एका औषधानं पडलेला मी कधी वाचला नव्हता, आणि तो लेख वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही, हे तुम्हाला खरं सांगते. 2025 साली टेक्सास राज्यानं याच औषधाच्या संशोधनासाठी 5 कोटी डॉलर मंजूर केले.

आता दुसरी बाजू. तीस माणसं म्हणजे आपल्या एका वाडीतली पुरुषमंडळी. त्यांच्या शेजारी तुलना करायला दुसरा गट नव्हता, म्हणजे साधी गोळी घेऊन, तेवढाच प्रवास करून, तितक्याच मायेनं वागवलेले दुसरे तीस जण नव्हते. इतक्या लांब आशेनं गेलेला, आपल्यासारख्याच सोबत्यांबरोबर राहिलेला, पहिल्यांदाच कुणाजवळ मोकळा झालेला माणूस नुसत्या तेवढ्यानंही बराच सुधारतो. त्यात औषधाचा वाटा किती, हे त्या अभ्यासावरून सांगता येत नाही.

आणि तुमच्या घराच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इबोगेन हृदयाच्या ठोक्यांत ढवळाढवळ करतं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुन्हा तयार व्हायला एक क्षण लागतो, तो क्षण हे औषध लांबवतं. तो फार लांबला की ठोके सैरभैर होतात आणि माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. असे मृत्यू झालेले आहेत. म्हणूनच त्या तीस जणांना शिरेतून मॅग्नेशियम दिलं होतं. अंगातलं मॅग्नेशियम आणि पोटॅशियम कमी असेल तर धोका वाढतो, आणि रोज दारू घेणाऱ्याच्या अंगात नेमकं तेच कमी असतं. तुमच्या ह्यांची अर्धी बाटली आणि हे औषध यांची गाठ मी कधीच पडू देणार नाही.

एक विनंती आहे. हे वाचून त्यांची दारू उद्यापासून एकदम बंद करू नका. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू झटक्यात तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. डोक्याला मार बसलेल्या माणसाला तर अधिकच. दारू सोडवायची ती आठवडाभर दवाखान्यात ठेवून, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि उतरत्या मात्रेची औषधं देऊन.

आता त्यांच्या आजाराकडे वळू. तुमच्या पत्रात दोन आजार एकमेकांत गुंतलेत. स्फोटाची हवेची लाट कवटीतून जाते तेव्हा वरून खरचटलेलंही दिसत नाही, पण आत मेंदू हिंदकळतो आणि त्याचे बारीक तंतू ताणले जातात. साध्या सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा काही सापडत नाही, मग घरचे म्हणतात की नाटक आहे. डोकेदुखी, उजेड न सोसणं, विसरणं, पटकन भडकणं हे त्यातून येतं. ओरडून उठणं, शिट्टीला दचकणं हा मनावरच्या घावाचा भाग. झोप मोडणं आणि राग दोन्हींकडून येतो. म्हणून आधी हे उकलावं लागतं. घोरताना मध्येच त्यांचा श्वास थांबतो का, हे दोन रात्री बघा आणि वहीत लिहून ठेवा. डोक्याच्या मारानंतर असा झोपेतला श्वासाचा आजार पुष्कळांना असतो, त्याची तपासणी आहे, रात्री लावायचं यंत्र आहे, आणि ते लावल्यावर सकाळची डोकेदुखी आणि चिडचिड निम्मी झालेले रुग्ण माझ्याकडे आहेत. कानांची तपासणी करा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीलाही अशा मारानं धक्का बसतो, त्यासाठी रक्तात थायरॉइड आणि इतर संप्रेरकं बघायला सांगा. यातलं काहीच व्हिडिओत दाखवण्यासारखं नाही, पण मी तुमच्या जागी असते तर इथूनच सुरुवात केली असती.

मनाच्या घावावर आज ज्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे ती बोलण्याची पद्धत आहे. सहज गप्पा नव्हेत. साधारण 8 ते 15 बैठका, प्रत्येक दीड तासाची. त्यात माणूस तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. पुन्हा सांगतो. पुन्हा सांगतो. ते रेकॉर्ड करून घरी रोज ऐकतो. पहिल्या चार बैठका फार जड जातात, काही जण मध्येच सोडतात. जे टिकतात त्यांची आठवण जात नाही, पण ती आठवणीच्या जागी जाऊन बसते. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचीही मदत होते. झोपेसाठी मात्र दुकानातून ‘ती जुनी चिठ्ठी’ दाखवून अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम आणत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. पीटीएसडीत त्यांचा उपयोग होत नाही आणि दारूसोबत त्या श्वास दाबतात.

माझे वडील सुभेदार होते. 1971च्या युद्धातनं ते परत आले तेव्हा मी चार वर्षांची होते. आम्ही कॅम्पात राहायचो. रात्री दोनच्या सुमाराला ते उठायचे, दाराच्या कड्या तपासायचे, मग ओळीनं आमच्या चपला मोजायचे. आई उठून चुलीवर चहा ठेवायची आणि उजाडेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहायची. दोघं बोलत नसत. मी पुढं मानसोपचार शिकले ते बहुतेक त्या स्वयंपाकघरामुळे. आईच्या सोबतीनं वडील जगले, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्यांनी ते कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, म्हणून चपला मोजणं शेवटच्या आजारपणापर्यंत चाललं. सोबत लागतेच, आणि सोबतीत सांगणंही लागतं. या नव्या औषधांचे अभ्यास वाचताना मला सारखं हेच दिसतं की औषध दार थोडं उघडतं, आणि आत जाताना हात धरायला माणूस लागतो. ते माणूस देणं आपल्याला आज, इथंही शक्य आहे. मेक्सिकोची वाट बघायला नको.

कुठं जायचं? त्यांचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड असेलच. बेळगावच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मेंदूच्या आणि मनाच्या डॉक्टरांसाठी संदर्भपत्र मागा, दोन्ही मागा. मेंदू आणि मनाच्या आजारांची मोठी सरकारी रुग्णालयं म्हणजे धारवाडला डिमहान्स आहे, बेंगळुरूला निम्हान्स. कागदपत्रं कानडीत असली तरी बोलताना ‘मराठी समजणारं कुणी आहे का’ असं न लाजता विचारा. पगाराचं, पेन्शनचं माणूस कुठल्याही भाषेत बोलेल, पण स्फोटाबद्दल तो ज्या भाषेत स्वप्नं बघतो त्याच भाषेत बोलेल. मध्यरात्री काही झालं तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर आहे, फुकट आहे, भाषा निवडता येते.

आणखी दोन गोष्टी आजच करा. ओरडताना त्यांना हात लावून उठवू नका. पायथ्याशी उभं राहून दिवा लावा, त्यांचं नाव आणि गावाचं नाव मोठ्यानं घ्या, ‘तुम्ही घरी आहात’ म्हणा. झोपेत ते जो हात पिरगळतात तो त्यांच्या लेखी तुमचा नसतो, हे तुम्हाला माहीत आहे, पण लागतं तुम्हालाच. दुसरं, निवृत्तीनंतर ते कुठं बँकेत गार्ड असतील आणि घरात परवान्याची बंदूक असेल, तर ती काही महिन्यांसाठी घराबाहेर सुरक्षित जमा करा. त्यांच्याशी बोलून, त्यांचा मान ठेवून करा. पण करा.

प्रश्न : मॅडम, मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सात महिन्यांपूर्वी माझ्या मोठ्या भावाला हायवेवर बाइकचा अपघात झाला. हेल्मेट नव्हतं. अकरा दिवस आयसीयूत होता. आता चालतो, बोलतो, पण विसरतो, भडकतो, समोरून ट्रकचे दिवे दिसले की घामाघूम होतो. फिटची गोळी चालू आहे. माझे मित्र म्हणतात, चोर्ल्यातून गोव्याला गेलं की ‘एमडी’ मिळते, ऑस्ट्रेलियात डॉक्टर हीच देतात. थोडीशी देऊन बघू का?
— टिळकवाडी

उत्तर : बाळा, तुला एकेरीतच लिहिते. भावासाठी तू इतकं शोधतोस, ते मला फार आवडलं. पण ती पुडी आणू नकोस.

तुझ्या मित्रांचा घोळ नावापासूनच आहे. ऑस्ट्रेलियात जे देतात ते एमडीएमए. आपल्याकडे रस्त्यावर ‘एमडी’ म्हणून जे विकलं जातं ते मेफेड्रोन. नावं सारखी वाटतात, पण पदार्थ वेगळा आहे. मेफेड्रोनचा उपचारासाठी काही उपयोग नाही. ते हृदय पळवतं, झोप उडवतं, संशय वाढवतं आणि चटक लावतं. पुडीत त्याखेरीज आणखी काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एमडीएमए आणि मेफेड्रोन दोन्ही आपल्याकडे 1985च्या अंमली पदार्थ कायद्याखाली येतात. भाऊ बरा होणं राहील बाजूला आणि तू कोर्टाच्या पायऱ्या चढशील.

खऱ्या एमडीएमएचं काय झालं तेही सांगते, कारण तू विचारलंस ते खोटं नाही. मुख्यतः अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या. 2021 साली छापलेल्या पहिल्या चाचणीत 90 जण होते. औषध आणि बोलण्याचा उपचार मिळालेल्यांपैकी 67 टक्के लोकांना शेवटी पीटीएसडी म्हणता येत नव्हता. नुसता बोलण्याचा उपचार आणि बिनऔषधी गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण 32 टक्के. 2023च्या दुसऱ्या चाचणीत आकडे 71 आणि 48. हे 32 आणि 48 बघ. रिकामी गोळी घेऊनही इतके लोक सुधारले, कारण त्यांच्यासोबत दोन-दोन उपचारक आठ-आठ तास बसत होते, आणि त्याआधी-नंतर दीड-दीड तासाच्या बारा बैठका होत्या. तुझे मित्र गोव्याच्या शॅकवर भावासोबत आठ तास कसे बसतील?

तरीही 2024च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं या उपचाराला मंजुरी दिली नाही, आणखी एक चाचणी करा म्हणाले. आपल्याला खरं औषध मिळालंय हे घेणाऱ्याला लगेच कळतं, मग त्याची आशाच निकालात मिसळते, हा एक मोठा आक्षेप होता. माझ्या मते तो आक्षेप बरोबर आहे, आणि तरी चाचण्या चालू राहायला हव्यात. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2023पासून परवानगी दिली ती फक्त खास मान्यता मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांना.

तुझ्या भावाची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याच्या मेंदूला जखम आहे, फिटचा धोका आहे. अशा अवस्थेत मेंदूला चेतवणारं काहीही देणं म्हणजे पेंढ्याच्या गंजीशेजारी काडी ओढणं. भास घडवणाऱ्या मशरूमचंही तेच.

सात महिने तुला फार वाटतात. मेंदूला ते थोडे आहेत. कपाळामागचा भाग आपला राग आवरतो. तिथं मार बसला की राग खरा असतो, लगाम सैल असतो. त्यानं शिवी दिली तर वाद घालू नकोस, दहा मिनिटं खोलीबाहेर जा आणि परत ये. परत येणं महत्त्वाचं. घरात एकच मोठी वही ठेवा, आजची तारीख, आजची तीन कामं, कोण येऊन गेलं. मोबाइलवर औषधाचा गजर लावा. एका वेळी एकच माणूस बोलेल असा नियम करा, पाहुण्यांनाही सांगा. टीव्ही चालू असताना त्याच्याशी महत्त्वाचं बोलू नका. निम्हान्समध्ये मेंदूच्या पुनर्वसनाचा विभाग आहे. एकदा तरी घेऊन जा, स्मृतीची नीट चाचणी होईल आणि घरी करायचे सराव मिळतील. ट्रकच्या दिव्यांची भीती हा मनाचा घाव आहे आणि त्यावर वरच्या वहिनींना सांगितलेलाच उपचार लागू पडतो, फक्त स्मृती अधू असल्यामुळे बैठका छोट्या आणि जास्त ठेवाव्या लागतात.

तू स्वतः हेल्मेट घालतोस ना? उत्तर नको, घाल.

प्रश्न : निपाणीहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : माझे माजी सैनिक मित्र रात्र-रात्र जागतात. यात्रेत भेटलेल्या एका वैदूनं त्यांना काढा दिला आहे. धोतऱ्याचं बी आणि कसलीशी मुळी आहे म्हणतो. त्यानं ‘झोप आणि दृष्टान्त’ दोन्ही होतात म्हणे. विदेशी औषधं झाडाचीच आहेत, मग आपली झाडं का नकोत?

उत्तर : गुरुजी, प्रश्न रास्त आहे, आणि झाडाबद्दल मला तुच्छता नाही. पण धोतरा या औषधांच्या पंक्तीतला नाही. अशा मशरूममधल्या सायलोसिबिनसारखी औषधं मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका विशिष्ट खुंटीवर बसतात, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो आणि जे दिसलं ते त्याला नंतर आठवतं, सांगता येतं. धोतरा स्मृतीला लागणारं रसायनच अडवतो. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, ताप चढतो, माणूस नसलेल्या माणसांशी बोलतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. त्याला दृष्टान्त म्हणू नये, ती विषबाधा आहे. साठीच्या पुढच्या माणसाला तर तो काढा जिवावर बेतू शकतो.

मुळीबद्दल मला जास्त काळजी वाटते. आपल्या दारातली पांढऱ्या फुलांची तगर, जी आपण देवाला वाहतो, ती त्या आफ्रिकी इबोगाची नात्यातली आहे, आणि तिच्यात इबोगेनच्या जातीची काही द्रव्यं सापडतात. हे कळल्यावर कुणी हुशारी करून तिची मुळी उकळू नये. त्याच कुळात कण्हेर आहे, पिवळी बिट्टी आहे. ती खाल्लेली माणसं हृदयाचे ठोके अडखळत रात्री दवाखान्यात येतात, त्यांच्या उशाशी मी बसले आहे. वाळलेल्या मुळ्या ताटात ठेवल्या तर कुठली कशाची हे मलाही सांगता येणार नाही.

मित्रांचा काढा आजच थांबवा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसत असतील, छाती धडधडत असेल किंवा बोलणं असंबद्ध असेल, तर सकाळची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढायला सांगा. बाटली आणि उरलेली मुळी फेकू नका, पिशवीत घालून सोबत घ्या. आणि गुरुजी, ते जागे असतात तेव्हा तुम्ही जाऊन बसता का त्यांच्याकडे? बसत असाल तर एकदा विचारा, कुठल्या वर्षी, कुठल्या पोस्टवर होते, सोबत कोण होतं. ते ज्या नावाशी थांबतील ते नाव लक्षात ठेवा आणि डॉक्टरांकडे नेताना ते मला किंवा तिथल्या डॉक्टरांना सांगा.